टेक्सस गल्फ कोस्ट, २४ एकर: बीफसाठी कोणत्या जातीच्या गायी, किती, आणि गोऱ्ह्याचे पुढे काय?

बेलव्हिलकर

ह्यूस्टनच्या पश्चिमेला ऑस्टिन काउंटीत, बेलव्हिलच्या पुढे, २४ एकर जमीन आहे. घर, आवार आणि तळे यांत २ एकर जातात. उरलेल्या २२ एकरांत बहुतेक कोस्टल बर्म्युडा गवत, सखल भागात बाहिया, कुंपणाच्या कडेने जॉन्सन गवत. जमीन वाळूसर. आतापर्यंत शेजारच्या रँचरची गुरे चराईच्या कराराने इथे असत, त्यामुळे करासाठीचे कृषी मूल्यांकन टिकून होते. डिसेंबरात करार संपतोय आणि त्यांना तो पुढे चालवायचा नाही. आता स्वतःची गुरे ठेवायचा विचार आहे. मुलीचा एक घोडाही याच कुरणात चरतो.

प्रश्न असे:
किती गायी झेपतील? जात कोणती? एक जण म्हणतो काळ्या अँगसलाच भाव, दुसरा म्हणतो ब्राह्मनशिवाय इथे काही टिकत नाही. वळू घ्यावा का? वासरे कधी आणि कुठे विकायची? आणि त्यातला एक गोऱ्हा घरच्या फ्रीझरसाठी वाढवायचा असेल तर दाणा किती, दिवस किती, मांस किती मिळते?

गावाकडच्या दुभत्या गुरांची थोडी माहिती आहे, मांसासाठीच्या गुरांची नाही.

गवत_आधी

जातीवर येण्याआधी संख्या ठरवा, कारण २२ एकरांत चूक होते ती तिथे.

वाळूसर जमीन, खत न घातलेले बर्म्युडा-बाहिया आणि तुमच्याकडचा पाऊस धरला तर एका गाय-वासराच्या जोडीला साधारण ४ एकर लागतात. घोडा कमी खातो असे समजू नका. तो गवत अगदी मुळाशी कुरतडतो आणि चराईच्या हिशेबात सव्वा गायीएवढा धरतात. म्हणजे ५ एकर त्याचे. उरले १७ एकर, म्हणजे ४ गायी. माती तपासून चुना आणि नत्र दिले तर पाचवी बसेल, पण पहिल्या वर्षी चारच ठेवा. चांगल्या पावसात गवत जास्त झाले तर कापून गठ्ठे करता येतात. कमी पडले तर ऑगस्टमध्ये गवतही विकत घ्यावे लागते आणि तेव्हा सगळेच गुरे विकायला काढत असल्याने बाजारही पडलेला असतो.

कुरणाचे चार तुकडे करा. आतले विभाजन सौरऊर्जेवरच्या विजेच्या तारेने होते, त्यासाठी काटेरी तार नको. एका तुकड्यात ७ ते १० दिवस चराई, मग २१ ते ३० दिवस विश्रांती. बर्म्युडा ३ इंचांखाली जाऊ देऊ नका. त्याखाली गेले की मूळ आखडते आणि मोकळ्या जागेत गोटवीड आणि कडवट स्नीझवीड शिरते. नत्र एका वेळी एकरी ५० पौंडांपेक्षा जास्त टाकू नका, वाळूतून वाहून जाते. सामू ५.५ च्या खाली असेल तर आधी चुना, नाहीतर खताचे पैसे मातीत.

आता हिवाळ्याची वैरण. १,२०० पौंडांची गाय रोज २५ ते ३० पौंड कोरडा चारा खाते. मध्य डिसेंबर ते मार्चअखेर सुमारे ११० दिवस, त्यात तुडवून वाया जाते ते धरून गायीमागे साधारण १,००० पौंडांचे चार गोल गठ्ठे. चार गायींना सोळा, घोड्याचे वेगळे. गठ्ठा चारा घालायच्या गोल कठड्यात (रिंगमध्ये) ठेवा, उघड्यावर टाकला तर चौथा भाग सहज बिछाना होतो. साठवताना गठ्ठ्यांच्या तळाशी हवा खेळेल असे काही टाका, ओल खालूनच लागते.

गठ्ठा विकत घेताना वजन विचारा आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागा. उशिरा कापलेल्या बर्म्युडात प्रथिने साडेसहा टक्केही असतात. गाभण पण दूध न देणाऱ्या गायीला ७-८ टक्के लागतात, वासरू पाजणाऱ्या गायीला १० ते १२. हिशेब सोपा आहे: २६ पौंड कोरड्या चाऱ्यातून साडेसहा टक्क्यांनी १.७ पौंड प्रथिने मिळतात, पाजणाऱ्या गायीची गरज २.६ च्या आसपास. तूट ०.९ पौंडांची. ती २० टक्के प्रथिनांच्या साडेचार पौंड क्यूब्सनी (दाबून केलेल्या खुराकाच्या कांड्यांनी) भरून निघते. हे न करता नुसते “पोट भरलंय” म्हणून समाधान मानले तर गाय हाडावर येते आणि वेळेवर माजावर येत नाही. त्याचा फटका पुढच्या वर्षी बसतो, म्हणून कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

कृषी मूल्यांकनाबद्दल: जमीन मागच्या ७ वर्षांपैकी ५ वर्षे मुख्यत्वे शेतीखाली असावी लागते आणि वापर सलग चालू लागतो. किमान किती गुरे हवीत हे तुमच्या काउंटीचे अप्रेझल डिस्ट्रिक्ट (करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणारे कार्यालय) ठरवते, त्यांच्याकडून लेखी मानके घ्या. मालक बदलला की नव्या मालकाला अर्ज नव्याने करावा लागतो, मुदत ३० एप्रिल. जमिनीचा वापर बदलला तर मागच्या ३ वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो.

फेयेटची_गुरे

जातीचे सांगतो. तुम्हाला भेटलेले दोघेही अर्धे बरोबर आहेत.

अँगस स्कॉटलंडची. मांस उत्तम, वासरू लहान जन्मते, सहज विते, लवकर वयात येते. पण जुलैच्या दुपारी काळी कातडी, जाड केस आणि दमट हवा एकत्र आली की ती चरणे सोडून तळ्यात उभी राहते. चरली नाही की दूध कमी, वासराचे वजन कमी, आणि मुख्य म्हणजे उन्हात गर्भ धरत नाही. नेब्रास्का किंवा मोंटानाहून आणलेल्या अँगस गायी तर पहिल्याच उन्हाळ्यात खंगतात. अँगसच हवी असेल तर दक्षिण टेक्ससात जन्मलेली, मे महिन्यापर्यंत हिवाळी केस पूर्ण झडलेली गाय निवडा. मे अखेरही अंगावर लोकर असेल तर ती गाय नको.

ब्राह्मन ही मुळात आपल्याकडची गुरे. कांकरेज (इथे ‘गुझेरात’), ओंगोल (इथे ‘नेलोर’), गीर आणि कृष्णा व्हॅली यांच्या संकरातून टेक्सस-लुइझियानात ती घडली. कृष्णा व्हॅली म्हणजे कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा काठच्या काळ्या जमिनीत जड नांगरटीसाठी दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात तयार केलेली जात. तिचे रक्त इथल्या गुरांत आहे हे मराठी माणसाला माहीत असावे. १८५४ मध्ये लुइझियानात रिचर्ड बॅरो यांना ब्रिटिश सरकारकडून दोन वळू मिळाले. १९०६ मध्ये पिअर्स रँचने थेट भारतातून गुरे आणली. ती रँच तुमच्यापासून फार दूर नाही, व्हार्टन काउंटीत. १९२४ मध्ये जातीची संघटना स्थापन झाली आणि ‘ब्राह्मन’ हे नाव तिथूनच रूढ झाले.

ती इथे टिकते ती अंगच्या गुणांमुळे: सैल कातडी, मोठी पोळी, जास्त घाम, आखूड गुळगुळीत केस, आणि फिकट केसांखाली काळी कातडी. गोचीड आणि माश्या कमी त्रास देतात, हलक्या चाऱ्यावर अंग धरते. दोषही सांगतो. कालवडी उशिरा माजावर येतात, पहिले वेत बऱ्याचदा तिसऱ्या वर्षी. नवजात वासरू कधी कधी आळशी असते, सडाला लावावे लागते. आणि शुद्ध ब्राह्मन गोऱ्ह्याचे मांस सरासरीने कमी मऊ, कारण मांस मुरताना तंतू सैल करणाऱ्या विकरांना अडवणारे कॅल्पास्टॅटिन त्यात जास्त असते. फीडलॉटवाल्यांना, म्हणजे गोठ्यात दाण्यावर गुरे पुष्ट करणाऱ्यांना, हे ठाऊक आहे, म्हणून लांब कान आणि वशिंड जितके ठळक तितका भाव खाली.

म्हणून गल्फ कोस्टवर उत्तर एकच: गाय संकरित, वासरू पाव ब्राह्मन. ब्राह्मन वळू आणि हेरफर्ड गाय यांच्या पहिल्या पिढीच्या पट्टेरी गायीला इथे टायगर स्ट्राइप म्हणतात. अँगस गायीपासूनची काळी पहिली पिढीही तितकीच चांगली. अशी गाय १४-१५ वर्षांपर्यंत विते, उन्हात चरते आणि दूध भरपूर देते. तिला अँगस, हेरफर्ड किंवा शारोलेचा वळू द्या. वासरात पाव ब्राह्मन उरते, बाजारात त्यावर फारसा कट लागत नाही, आणि संकराचा जोम दोन्हीकडून मिळतो.

काळ्या कातडीला भाव का, तेही समजून घ्या. ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ १९७८ पासून आहे. त्यात जनावराची नोंदणी बघत नाहीत. कातडी निम्म्याहून जास्त काळी हवी, मांसातली चरबीची जाळी ठरलेल्या पातळीची हवी, आणि वशिंड २ इंचांपेक्षा उंच नको. पाव ब्राह्मन काळे वासरू यात बसू शकते, निम्मे ब्राह्मन असलेले सहसा वशिंडावर अडकते.

तयार जातीतून हवे असेल तर ब्रँगस (३/८ ब्राह्मन, ५/८ अँगस). किंग रँचची सांता गर्ट्रुडिस (३/८ ब्राह्मन, ५/८ शॉर्टहॉर्न, १९४० मध्ये मान्यता) लाल आणि काटक आहे. बीफमास्टरही चालते. पण चार गायींच्या कळपात स्वतःच्या कालवडी राखून पैदास करायची नसेल तर पहिल्या पिढीची गाय विकत घेणे सर्वांत सरळ.

एक इशारा. शुद्ध अँगस किंवा हेरफर्ड कालवडीवर ब्राह्मन वळू कधीही सोडू नका, वासरू नेहमीपेक्षा खूप मोठे भरते आणि अडते. उलट जोडीत, म्हणजे ब्राह्मन गाय आणि अँगस वळू, वासरू लहान राहते. हा फरक पुस्तकी नाही, रात्री दोन वाजता साखळी लावून वासरू ओढायची वेळ येते ती यातूनच.

खरेदी: पहिलारू कालवडी घेऊ नका. ५ ते ७ वर्षांच्या, पशुवैद्याने हात घालून गाभण असल्याची खात्री केलेल्या गायी घ्या. सेल बार्नमध्ये (गुरांच्या लिलाव बाजारात) ‘थ्री-इन-वन’ मिळतात: गाय, पायाशी वासरू, आणि पोटात पुढचे. पाच-सहा गोष्टी नीट बघा: दात, डोळे, खूर, चारही सड, कास लोंबत नाही ना, आणि रिंगमध्ये ती माणसाकडे कशी बघते. भडकू गाय कितीही स्वस्त असली तरी २२ एकरांत नको.

बेलव्हिलकर

मनापासून आभार. मग वळूचे काय? चार गायींसाठी वळू पाळणे परवडेल असे वाटत नाही. आणि वर्षाला एक वासरू हवेच असेल तर वेळापत्रक कसे बसवायचे?

फेयेटची_गुरे

वळू पाळू नका. एक प्रौढ वळू २५ गायींना पुरतो, वजन १,८०० ते २,००० पौंड, आणि तुमच्या कुरणात तो पाचवी-सहावी गाय होऊन बसेल. ६० ते ९० दिवसांसाठी भाड्याने आणा. आणण्याआधी पशुवैद्याकडून वीर्यतपासणी आणि ट्रायकोमोनायसिसची चाचणी झालेली हवी. भाड्याचा वळू हा रोग कळपाकळपांत फिरवतो, गायी दिसायला ठणठणीत राहतात आणि गर्भ मात्र गळत जातो. कृत्रिम रेतन करता येते, पण माज ओळखायला रोज सकाळ-संध्याकाळ कुरणात असावे लागते, आणि ब्राह्मन रक्ताच्या गायींचा माज छोटा, बऱ्याचदा रात्रीचा. रेतन करायचेच तर माज एकत्र आणून ठरल्या वेळी करा.

गाय सुमारे २८३ दिवस गाभण असते, ब्राह्मन २९२ च्या आसपास. वर्षातून ३६५ वजा २८३, म्हणजे व्याल्यापासून ८२ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. १५ फेब्रुवारीला पहिले वासरू हवे असेल तर वळू ८ मेच्या सुमारास आत, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाहेर. वर्षभर वळू आत ठेवणारे खूप आहेत. त्यांच्याकडे वासरे बारा महिने जन्मतात, म्हणून लस, खच्चीकरण, विक्री काहीच एकदम होत नाही.

व्यायच्या वेळी अंगावर मांस ९ पैकी ५ ते ६ गुणांचे असावे. मागच्या दोन बरगड्या नुसत्या नजरेने मोजता आल्या तर गाय ४ वर आहे, तिला दाणा सुरू करा.

पशुवैद्य_टीएक्स

तब्येतीचे मुद्दे क्रमाने नाही, नुकसानीच्या वजनाने सांगतो.

घोडा असल्याने पहिले हेच: गुरांच्या दाण्यात आणि क्षारांत बऱ्याचदा मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, ते घोड्याला प्राणघातक आहे. थोड्या प्रमाणातही हृदयाचा स्नायू जातो आणि त्यावर उतारा नाही. पोत्यावरचे लेबल वाचा, गुरांचा दाणा घोड्याला पोचणार नाही अशा आडोशाला द्या, आणि एकच बादली दोघांना वापरू नका.

दुसरे, अंगणातली झाडे. आपल्या लोकांना कण्हेर लावायची हौस असते. कण्हेरीची मूठभर पानेसुद्धा गाय मारतात आणि वाळलेली पाने हिरव्याइतकीच विषारी असतात. छाटणीचा ढीग कुंपणावरून कधीही टाकू नका. घाणेरीनेही यकृत जाते.

तिसरे, तुमच्या कडेचे जॉन्सन गवत. ते ज्वारीचे भावंड आहे आणि कोवळ्या ज्वारीसारखेच सायनाइड तयार करते. दुष्काळानंतर पाऊस पडून फुटलेले कोवळे धुमारे आणि पहिल्या हिमानंतर कोमेजलेले गवत, या दोन वेळा धोक्याच्या. फुटवा दीड-दोन फूट होईपर्यंत आणि झाड मारणाऱ्या हिमानंतर किमान ७ दिवस तिकडे गुरे सोडू नका. वाळवून गठ्ठा केल्यावर सायनाइड उडून जाते, नायट्रेट मात्र तसेच राहते. म्हणून दुष्काळात कापलेल्या जॉन्सनच्या गठ्ठ्याची नायट्रेट चाचणी करून घ्या.

लसी: फऱ्या आणि त्याच्या भावकीतले आजार एकाच ‘सेव्हन-वे’ लसीत येतात. वासरू २ ते ४ महिन्यांचे असताना पहिली मात्रा, ४ ते ६ आठवड्यांनी दुसरी. पहिली देऊन दुसरी विसरणे ही नेहमीची चूक, तिथे पैसे गेले आणि संरक्षणही नाही. श्वसनाच्या विषाणूंची लस दूध तोडण्याआधी ३ आठवडे द्या. ती जिवंत लस असेल तर गाभण गायी आणि त्यांना पिणारी वासरे यांबाबत लेबलवरची अट पाळा, नाहीतर गर्भपात होतो. ब्रुसेला लस फक्त कालवडींना, ४ ते १२ महिन्यांच्या वयात, आणि मान्यताप्राप्त पशुवैद्यच देतो.

सुई नेहमी मानेवर, शक्यतो कातडीखाली. मांडीत किंवा पुठ्ठ्यात टोचले तर तिथे गाठ आणि कठीण डाग राहतो, आणि तो नेमका राउंड-सरलॉइनच्या (मांडी-पुठ्ठ्याच्या) महाग भागात. प्रतिजैविकांची बाटली आता दुकानातून उचलता येत नाही, जून २०२३ पासून पशुवैद्याची चिठ्ठी लागते. म्हणून आजार यायच्या आधीच एखाद्या पशुवैद्याशी ओळख करून ठेवा. औषध दिल्यावर कत्तलीपर्यंत किती दिवस थांबायचे ते लेबलवर असते, ते वहीत लिहा.

गोऱ्हे खच्ची करायचे ते पहिल्या तीन महिन्यांत. लहानपणी रबरी रिंग पुरते. मोठ्या गोऱ्ह्याला रिंग लावली तर धनुर्वाताची लस आधी हवी, रिंगखालचा कुजणारा भाग त्या जंतूंना मानवतो. शिंगाचे कोंबही याच वयात जाळा. ही दोन्ही कामे थंडीत उरकायला आणखी एक सबळ कारण आहे: स्क्रूवर्म माशी. नपुंसक केलेल्या माश्या सोडून अमेरिकेने तिला हटवले होते, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दक्षिण मेक्सिकोत पुन्हा सापडली. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. उन्हाळ्यात जन्मलेल्या वासराची नाळ, गोचीड चावलेली जागा, कानातल्या बिल्ल्याचे भोक रोज बघा. खोल, दुर्गंधीची, अळ्या असलेली जखम दिसली तर स्वतः उपचार करून गप्प बसू नका, लगेच पशुवैद्याला कळवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये राय गवताच्या लुसलुशीत कुरणावर वयस्क, भरपूर दूध देणारी गाय अचानक थरथरून आडवी होते. मॅग्नेशियम कमी पडलेले असते. जानेवारीपासूनच जास्त मॅग्नेशियमचे क्षारमिश्रण ठेवा आणि गाय दिवसाला ३-४ औंस खरोखर चाटते की नाही ते पोत्यावरून मोजा.

आणि हे सगळे करायला गाय धरता आली पाहिजे. जनावर घेण्याआधी हेडगेट (गायीची मान अडकवणारे फाटक) आणि लोखंडी पॅनेलचा वाडा उभा करा. गल्ली २८ इंच रुंद, म्हणजे गाय मागे वळू शकत नाही. ब्राह्मन रक्ताचे जनावर आरडाओरडा आणि काठी विसरत नाही, पण क्यूब्सची बादली घेऊन रोज वाड्यातून नेले तर वर्षभर आपणहून आत येते.

पॅनहँडल_फीडयार्ड

गोऱ्ह्याचे पुढे काय, हा प्रश्न विचारलात ते बरे केले. गाय-वासरू ठेवणारा हा साखळीचा पहिला दुवा असतो, आणि पुढच्या दुव्यांना काय हवे ते कळले की भाव का पडतो ते कळते. हेही आधीच मनाशी पक्के असू द्या की विकलेला प्रत्येक गोऱ्हा बीफ होणार आहे, आणि म्हाताऱ्या गायींचा खिमा होतो. घरात हे बोलून घ्या. चालणार नसेल तर चराई पुन्हा कुणाला तरी कराराने द्या किंवा मधमाश्यांचा पर्याय बघा, तोही टेक्ससात ५ ते २० एकरांवर मूल्यांकनाला चालतो.

वासरू ७ महिन्यांचे, ५०० ते ६०० पौंडांचे झाले की दूध तोडतात. कुंपणापलीकडे गाय दिसेल असे ठेवून तोडा, म्हणजे वासरू ओरडते कमी आणि खाते जास्त. मग ते ४५ दिवस स्वतःकडे ठेवा. त्याच दिवशी आईपासून तोडून ट्रेलरमध्ये घातलेले वासरू सेल बार्नमध्ये अनेक कळपांच्या जंतूंना भेटते, उपाशी असते, आणि फीडलॉटला पोचून आठवड्याभरात न्यूमोनियाने पडते. खरेदीदार हा धोका भावातून वजा करतो. खच्ची केलेले, शिंगे नसलेले, लसी झालेले, ४५ दिवस तोडलेले आणि गव्हाणीत खायला शिकलेले वासरू असेल तर तसे लेखी देऊन विका. चार गायींची दोन-तीन वासरे सुटी विकली जातात तेव्हा गटाचा भाव मिळत नाही. शेजाऱ्यांशी वेळापत्रक जुळवून एका रंगाची, एका वजनाची वासरे एकत्र नेता आली तर बघा.

इथून ती स्टॉकरकडे, म्हणजे कुरणावर वासरे वाढवणाऱ्याकडे, जातात. पॅनहँडल (टेक्ससचे उत्तर टोक) आणि ओक्लाहोमात हिवाळी गव्हाच्या कुरणावर ७५०-८०० पौंडांपर्यंत वाढतात. मग फीडलॉट: अमारिलो, हेरफर्ड, डॅलहार्ट या गावांच्या आसपास. कोरडी हवा, मका-ज्वारी जवळ, चिखल कमी, म्हणून धंदा तिथे वाढला. आल्यावर ३-४ आठवड्यांत चाऱ्याचे प्रमाण निम्म्यावरून ८-१० टक्क्यांवर आणतात आणि वाफेवर चेपलेला मका वाढवत नेतात. घाई केली तर पोटात आम्ल होते. १५० ते २०० दिवसांत रोज सव्वातीन-साडेतीन पौंड वाढून जनावर १,४०० पौंडांच्या पुढे जाते.

कत्तलीनंतर थंड झालेले धड १२ व्या आणि १३ व्या बरगडीमध्ये कापतात, आणि तिथल्या स्नायूतली चरबीची जाळी बघून प्राइम, चॉइस, सिलेक्ट असा दर्जा देतात. तो दर्जा शेवटच्या शंभर दिवसांच्या दाण्यावर जितका अवलंबून, तितकाच जातीवर आणि वासरू लहानपणी आजारी पडले होते की नाही यावर.

घरच्या गोऱ्ह्यासाठी आता. एकटा ठेवू नका, एकटे जनावर नीट खात नाही. दोन ठेवा, दुसरा विका. ८०० पौंडांवर सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात वजनाच्या अर्धा टक्का दाणा, म्हणजे ४ पौंड. तीन आठवड्यांत हळूहळू दीड टक्का, पुढे फार तर दोन. रोज त्याच दोन वेळा, आणि लांब काडीचा चारा समोर कायम. शेण राखाडी, पातळ, बुडबुड्यांचे झाले किंवा जनावराने दाणा सोडला तर आम्ल झाले समजा: दाणा निम्मा करा, चारा वाढवा. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकणे, यानेच सर्वांत जास्त जनावरे मरतात. दिवसाला पावणेतीन पौंड वाढ धरली तर १५० दिवसांत १,२०० च्या पुढे जाते.

नुसत्या गवतावरही तयार होते, पण २४ ते २८ महिने लागतात आणि शेवटचे ९० दिवस गवत खरोखर हिरवे असले पाहिजे. म्हणजे तुमच्याकडे मे-जूनमध्ये संपवा, ऑगस्टनंतर नाही. दोन्ही पद्धतींत ३० महिन्यांची मर्यादा ओलांडू नका. बीएसईच्या (मॅड काऊ रोगाच्या) नियमांमुळे त्यापुढच्या जनावराचा कणा काढून टाकावा लागतो, मग टी-बोन (कण्याच्या हाडासकटचा स्टेक) मिळत नाही.

बेलव्हिलकर

मांस किती मिळते तेवढे राहिले. आणि ते शेजाऱ्यांना विकता येते का?

पॅनहँडल_फीडयार्ड

१,२५० पौंडांचा दाण्यावरचा गोऱ्हा ६२ टक्के धड देतो, म्हणजे ७७५ पौंड. हाडे, जास्तीची चरबी आणि वाळून जाणारे पाणी वजा जाता साधारण ५०० पौंड पाकिटे हाती येतात, त्यात सुमारे ४० टक्के खिमा. गवतावरच्याचे धड ५६ ते ५८ टक्के. फ्रीझर दर ३५ ते ४० पौंडांना एक घनफूट धरा.

‘कस्टम’ कत्तलखान्यात कापलेले मांस फक्त मालक, त्याचे घरचे आणि पाहुणे यांच्यासाठी असते, पाकिटावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. पाकिटे विकायची तर संघीय किंवा राज्याच्या तपासनीसाच्या देखरेखीखालची कत्तल हवी. तिसरा मार्ग: जिवंत गोऱ्ह्याचा अर्धा किंवा पाव वाटा कत्तलीआधीच विकायचा. मग वाटेकरीही मालक, आणि कापणावळ ज्याने त्याने थेट भरायची.

कत्तलखान्याची तारीख गोऱ्ह्याला दाण्यावर घेतानाच नोंदवा, काही ठिकाणी महिनेन् महिने जागा नसते. नेताना शांतपणे न्या, आदल्या दिवशी पोचवा, पाणी भरपूर. धावपळ आणि भीतीने स्नायूतली साखर संपते, मांस आम्ल होत नाही, काळपट आणि चिकट राहते. धड १० ते १४ दिवस टांगायला सांगा. चरबीचे आवरण अगदी पातळ असेल तर ७ दिवस पुरे, जास्त टांगले तर वाळते. आणि असे धड एकदम गार केले की तंतू आखडून मांस वातड होते, गवतावरचे जनावर असल्याचे कसायाला आधीच सांगा.

कट शीटवर (कोणता भाग कसा कापायचा ते लिहून द्यायच्या कागदावर) ब्रिस्केट, म्हणजे छातीचा भाग, अखंड ठेवायला विसरू नका, नाहीतर ते खिम्यात जाते. नळ्या, शेपूट, जीभ, काळीज हवे असल्यास तेही त्याच दिवशी लिहून द्यावे लागते.